माल उतरेपर्यंत

“आता तुम्हाला काही विचारायचं असेल तर विचारा,” बाई म्हणाल्या आणि पेनाला टोपण लावून त्यांनी ते टेबलावर आडवं ठेवलं. त्याला वाटलं, आपल्या मागे दुसरंच कुणी उभं आहे. त्यानं खरोखर मान वळवून पाहिलं. मागे फक्त दार होतं आणि दाराच्या खिळ्याला कुणाचा तरी जुना रेनकोट. सत्तावीस वर्षं टँकर चालवताना तो चार मालकांपुढे असा नोकरीसाठी आला होता. तिघांपुढे उभाच होता, चौथ्यानं स्टूल दिलं होतं. कुणी लायसन्स उन्हात धरून पाहिलं, कुणी हात उलटेसुलटे करून पाहिले, एकानं तर सरळ तोंडाजवळ नाक आणून वास घेतला होता. विचारायचं काम त्यांचं, सांगायचं काम ह्याचं. बैल बाजारात नेला तर तो गिऱ्हाइकाला प्रश्न विचारत नाही. आणि आता ही त्याच्यापेक्षा पंधरा-वीस वर्षांनी लहान असलेली बाई, चष्मा डोक्यावर सरकवून, विचारा म्हणत होती, आणि थांबली होती. तिचं ते थांबणंच त्याला अवघड झालं. खिशातला कागद त्याला आठवला. पोरीनं काल जेवण झाल्यावर लिहून दिला होता. “नुसतं हो हो करून येऊ नका,” ती म्हणाली होती. त्यानं कागद काढला, उलगडला, आणि अक्षर दिसेना म्हणून लांब धरला.

“गाडी नीट नसली,” तो वाचल्यासारखं म्हणाला, “ब्रेक कमी लागत असले, तर नेणार नाही असं ड्रायव्हरनं म्हटलेलं चालतं का?”

“चालतं. वर्कशॉपच्या वहीत लिहायचं. वहीत लिहिलं की गाडी हलत नाही.”

“हलवा म्हणाले तर?”

“तर मला येऊन सांगायचं.”

“रिकामी करायला रांगेत थांबतो, ते तास धरता?”

“धरतो. बारा तास भरले की गाडी बाजूला.”

“बारा म्हणजे बाराच?”

बाई हसल्या. “बहुतेक वेळा.”

त्या ‘बहुतेक’ला तो ओळखून होता, पण बाई हसल्या ते त्याला आवडलं. खोटं बोलणारा माणूस त्या जागी हसत नाही, ठामपणे मान हलवतो. त्यानं पुढचं विचारलं: मला जी गाडी देणार तिच्यावर आधी कोण होता आणि तो का गेला. त्याचे गुडघे गेले, क्लच दाबवेना, बाई म्हणाल्या. आता इथंच वर्कशॉपमध्ये बसतो, भेटायचं असेल तर बोलावते. हेही बरं वाटलं. आठवड्याची सुट्टी, वाटेत गाडी बंद पडली तर झोपायचं कुठे, हात-पाय मोडला तर दवाखाना कोण बघणार, असं करत करत तो कागदाच्या तळाशी आला. तिथं पोरीनं एकच शब्द लिहिला होता. ‘निरोप?’ बाकी सगळी वाक्यं पुरी होती, ठळक, शाळेतल्यासारखी. ह्या एका ठिकाणी तिचा हात थांबला होता. त्याचं बोटही तिथंच थांबलं.

“पाणी देऊ?” बाई म्हणाल्या.

“नको.” त्यानं कागदाची घडी केली, पुन्हा उघडली. “समजा, घरून फोन आला. ऑफिसात. काहीतरी वाईट. आणि गाडी रस्त्यावर आहे. तर ड्रायव्हरला केव्हा सांगता?”

शेजारच्या खोलीत कुणीतरी कागदांवर शिक्के मारत होतं, धप् धप्, एकसारखं. बाईंनी डोक्यावरचा चष्मा खाली घेतला, पण डोळ्यांवर लावला नाही. “खरं सांगू? हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं.”

“नियम काय आहे?”

“नियम नाही.”

“मग ठरवतं कोण?”

“जो फोन घेईल तो,” त्या म्हणाल्या, आणि आपण काय बोललो हे लक्षात आल्यासारखा त्यांनी चष्मा टेबलावर ठेवला.

जो फोन घेईल तो. म्हणजे मास्तर. आधीच्या कंपनीत गाड्या सोडण्याचं काम मास्तर करायचा. शाळेत तो कधी शिकवायला नव्हता, पण उशीर झाला की कान पकडायला सांगायचा म्हणून सगळे मास्तर म्हणत. टँकरमध्ये पेट घेणारा माल असे, त्यामुळे ड्रायव्हरनं आपला फोन फाटकावरच्या खणात ठेवायचा आणि कंपनीचा फोन घेऊन निघायचं. त्यावर फक्त ऑफिस बोलायचं. बाहेरच्या जगाची काही बातमी यायची ती मास्तरच्या तोंडून. चौदा वर्षांची ओळख. मास्तर घरी जेवायला यायचा, बायकोला वहिनी म्हणायचा, आणि तिच्या हातचं खाऊन झालं की पोटावर हात ठेवून म्हणायचा, “वहिनी, ह्याला सोडा आणि खाणावळ काढा.” ती हसायची. दर वेळी तोच विनोद आणि दर वेळी ती हसायची. त्या दिवशी सकाळी सातला तो फाटकाबाहेर पडला आणि दुपारी चारला परत आला. ह्या नऊ तासांतलं त्याला सगळं आठवत होतं, आणि आठवत होतं हेच मोठं दुखणं होतं. एरवी कुठल्या दिवशीचे नऊ तास माणसाला आठवतात? त्यानं वाटेत दोनदा चहा घेतला. माल उतरवायच्या जागी पुढे सहा गाड्या होत्या, तर त्यानं टँकरच्या सावलीत पोतं टाकून छान झोप काढली. झडपेवरच्या माणसानं आपल्या मेहुण्याची गंमत सांगितली तेव्हा त्याला इतकं हसू आलं की पोट दुखलं. येताना त्यानं आरशात बघून नाकातले केस उपटले. सकाळी निघताना ती म्हणाली होती, मोरीचा नळ गळतोय, येताना वायसर आणा. त्याला आठवणीनं वायसर आणायचा होता, आणि आपल्याला आठवण राहिली म्हणून तो स्वतःवर खूश होता. एक विधुर माणूस नवऱ्यासारखा मजेत गाडी चालवत होता. सगळ्यांना ठाऊक होतं. ऑफिसला, फाटकवाल्याला, साफसफाईच्या बाईला. मधे दोनदा मास्तरचा फोन आला होता, आणि “कुठपर्यंत आलास? सावकाश ये, घाई नाही,” एवढंच तो म्हणाला होता. घाई नाही हे शब्द मास्तरच्या तोंडून चौदा वर्षांत पहिल्यांदा निघाले होते, आणि ह्याला मेल्याला संशय आला नाही. उलट वाटलं, म्हातारा सुधारला.

फाटकाशी मास्तर स्वतः उभा होता. हातात पाण्याचा पेला. आधी म्हणाला, “चावी दे.” चावी हातात घेतली, खिशात टाकली, आणि मग म्हणाला, “वहिनी गेल्या. हृदयाचा झटका. सकाळी.” पुढे काय झालं ते आठवत नाही, पण तो चावी मागणारा तळवा आठवतो, त्यावर शाईचा डाग होता. आठ-दहा दिवसांनी कामावर आला तेव्हा मास्तर त्याला भिंतीच्या कडेला घेऊन गेला. “तुला सांगितलं असतं तर काय केलं असतंस, सांग? मागे वीस हजार लिटर, डोळ्यांत पाणी, आणि पुढे घाट. तू गेला असतास, आणखी चार घरांना नेलं असतंस. आणि जे झालं ते काय परत येणार होतं?” मास्तरनं हे मालकाच्या सांगण्यावरून केलं की मालासाठी केलं की मायेनं केलं, हे त्यानं विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं, आणि उत्तराबरोबर जगावं लागलं असतं. झटका सकाळी आला, ती गेली, आपण धावत आलो असतो तरी हाती काय लागलं असतं, असं तो स्वतःला सांगत राहिला. भेटायला आलेले लोकही म्हणाले, फार त्रास नाही झाला, सुटली. त्यानं तेवढंच धरलं. पोरीला काही विचारलं नाही. तिनं त्या दिवशी दवाखान्यातून ऑफिसात एकवीस फोन केले होते, हे त्याला फाटकवाल्याकडून कळलं. पोरगी एकच वाक्य बोलली: “त्या कंपनीचा शर्ट मी धुणार नाही.” आणि खरंच धुतला नाही. सात महिने तो आपला शर्ट आपण घासत होता, मोरीत, रोज, आणि पोरगी चष्म्याच्या दुकानात कामाला जाताना त्याच्या वाकलेल्या पाठीमागून निघून जायची.

ती नोकरी सोडून आला तो त्यासाठीही नाही. शूरपणानं तर नाहीच. एके दिवशी मास्तर एका नव्या मुलीला काम समजावत होता. फोन कसा घ्यायचा, कुठल्या गाडीला काय सांगायचं. हा समोरच चहा पीत उभा होता. “आणि घरून कुणाचा वाईट फोन आला,” मास्तर म्हणाला, “तर माल उतरून गाडी आत येईपर्यंत तोंडातून ब्र काढायचा नाही. ह्याला विचार. ह्याचं केलं ना मी व्यवस्थित?” मुलीनं ह्याच्याकडे पाहिलं. आणि ह्यानं मान डोलावली. चहाचा पेला ओठाशी होता, मान आपोआप वरखाली झाली, सत्तावीस वर्षांच्या सवयीनं, जशी ती कुठल्याही ऑफिसात कुठल्याही टेबलापुढे झाली असती. त्या आठवड्यात त्यानं नोकरी सोडली. कुणी कारण विचारलं तर म्हणायचा, कंबर दुखते.

“तुम्हीच सांगा ना,” समोरच्या बाई म्हणत होत्या. शिक्क्यांचा आवाज थांबला होता. “तुमच्या अर्जावर लिहून ठेवते. केव्हा सांगायचं?”

“लगेच,” तो म्हणाला.

त्यांनी पेनाचं टोपण काढलं आणि लिहिलं, मोठ्यानं म्हणत: “लगेच. गाडी कुठेही असो.” कागद त्याच्याकडे फिरवला. त्यानं सही केली. जिन्यावरून उतरताना त्याला इतकं हलकं वाटलं की दोन पायऱ्या चुकल्या. घरी पोरगी दारातच उभी होती. “शेवटचं विचारलंत?” “विचारलं. लिहूनच घेतलं बाईंनी.” पहिल्या आठवड्यानंतर त्यानं नव्या कंपनीचा शर्ट मोरीत नेला, तर तिनं तो त्याच्या हातातून काढून घेतला.

इथंही माल तोच, पेट घेणारा, आणि रीतही तीच. आपला फोन फाटकावर, कंपनीचा फोन गाडीत. फक्त इथं गाडी चालू असताना फोन घ्यायचा नाही, बाजूला लावायची आणि मग घ्यायचा. नियम चांगला होता. चौथ्या दिवशी फोन पहिल्यांदा वाजला तेव्हा तो चढावर होता आणि बाजूला जागा नव्हती. फोन वाजत राहिला. थांबला. पुन्हा वाजला. लगेच, गाडी कुठेही असो. पोरगी सकाळी रस्ता ओलांडते तो चौक त्याच्या डोळ्यांपुढे आला. तिथं डावीकडून भरधाव वळणाऱ्या गाड्या, आणि ती बोलता बोलता न बघता चालते, लहानपणापासून. दीड किलोमीटरनं जागा मिळाली. त्या दीड किलोमीटरमध्ये त्यानं तिला दवाखान्यात नेलं, तिच्या उशाशी बसला, लोकांना कळवलं, एकट्यानं घराचं कुलूप उघडलं. त्यानं बटण दाबलं. “तिकडे दोन नंबरच्या फाटकानं जा,” पलीकडचा मुलगा म्हणाला, “एक नंबर बंद आहे.” तो “बरं” म्हणाला, आणि स्टिअरिंगवर कपाळ टेकून बसला.

मग रोजचंच झालं. फोन दिवसातून तीन-चारदा वाजे. कुठे आहात, किती वेळ लागेल, कागदावरचा आकडा वाचून दाखवा. दर वेळी वाजण्यापासून उचलण्यापर्यंत जे अंतर असे त्यात पोरगी मरत असे. कधी रस्त्यावर, कधी गॅसनं, एकदा तर दुकानाची पाटी डोक्यात पडून. आधीच्या कंपनीत कसं होतं, फोन वाजला तर वाजला. काही वाईट असलं तर ते कळणारच नव्हतं, म्हणून भीतीही नव्हती. इथं त्यानं सही करून भीती विकत घेतली होती. वाजत नसे तेव्हाही तो वाजण्याची वाट बघे. घाटात गिअर बदलताना उजवा कान रस्त्याकडे आणि डावा त्या काळ्या ठोकळ्याकडे. जीव असा टांगणीला लागला की डबा तसाच परत येऊ लागला. पोरीला वाटलं, पोट बिघडलंय.

महिना भरत आला तेव्हा ते झालं. भर दुपार, दुपदरी रस्ता, फोन वाजला. पुढे थोडी कडेला जागा दिसली. ती पुरणार नाही हे त्याला दिसत होतं. सत्तावीस वर्षांच्या डोळ्यांना दिसत होतंच, तरी त्यानं गाडी डावीकडे घेतली आणि दाबून ब्रेक मारला. पुढचं तोंड कडेला गेलं, मागचा अर्धा टँकर रस्त्यात राहिला. मागून बस येत होती. बसवाल्यानं हॉर्न दाबला तो दाबूनच धरला, बस कलली, आणि टँकरच्या पोटापासून वीतभर अंतरावरून सरकत गेली. खिडक्यांत माणसं होती. एक बाई मुलाला पाजत होती, तिनं मान वर केली नाही. एक म्हातारा काच धरून थेट ह्याच्याकडे बघत होता, आ वासून. बस गेली. धूळ खाली बसली. फोन वाजतच होता. त्यानं उचलला. “काही नाही,” पलीकडून आवाज आला, “लवकर रिकामे झालात तर सांगा, एवढंच.” चार घरांना नेलं असतंस, मास्तर म्हणाला होता. मास्तरला जन्मभर शिव्या द्यायचं जे एक हक्काचं कारण होतं ते त्या कडेच्या खडीवर त्याच्या हातून निसटलं, आणि त्याचं त्याला विचित्र वाईट वाटलं.

गाडी लावून तो जिना चढला. बाई जायला निघाल्या होत्या, पिशवी खांद्याला होती.

“मॅडम, अर्जावर ते लिहिलं होतं ना. निरोपाचं. ते खोडायचं होतं.”

त्यांनी पिशवी खाली ठेवली, कपाटातून कागद काढला. “काय लिहू?”

“माल उतरल्यावर. गाडी आत आल्यावर.”

“नक्की?” आणि तो पेनाकडेच बघत राहिला तसं त्यांनी विचारलं, “घरी बोललात ह्यावर?”

“बोललो.”

त्यांनी ‘लगेच’वर एक रेघ ओढली आणि वर बारीक अक्षरात नवं लिहिलं. ह्या वेळी मोठ्यानं म्हणत लिहिलं नाही. त्यानं शेजारी सही केली. जिना उतरताना त्याला कसलंच हलकं वाटलं नाही. पण भूक लागली होती, हे मात्र खरं. बऱ्याच दिवसांनी लागली होती.

घरी पोरगी इस्त्री करत होती. तिनं घड्याळाकडे पाहिलं. “आज उशीर?”

“ऑफिसात गेलो होतो. एक सही राहिली होती.”

“कसली?”

“तीच. निरोपाची.” तो बूट सोडायला खाली वाकला, म्हणजे तोंड दिसणार नाही. “पक्कं करून आलो. लगेच सांगतील.”

ती काही वेळ शर्टाच्या बाहीवरून इस्त्री फिरवत राहिली. मग म्हणाली, “बाबा, तुम्हाला एक सांगायचं होतं. तुम्ही त्या कंपनीत होता तोवर सांगणार नव्हते. नंतर म्हटलं, उगाच कशाला. पण आता सांगते.”

“काय गं?”

“मी पहिला फोन केला ना, तेव्हा आई बोलत होती.”

त्याच्या हातात बुटाची नाडी होती. “झटका सकाळी आला ना?”

“पहिला. नऊला. दुसरा एक वाजून गेल्यावर आला. मधे चांगली शुद्धीवर होती. नर्सशी भांडली, उठून बसू दे म्हणून.” तिनं बाही उलटी केली. “मी मास्तरांना सांगितलं, आई विचारतेय बाबांना. ते म्हणाले, सांगतो. मग मी आईला सांगितलं, निरोप गेलाय. त्यावर बरी शांत झाली. मला सारखं विचारायची, किती वाजले. मी सांगितलं की स्वतःच म्हणायची, म्हणजे आता वळले असतील. थोड्या वेळानं, आता नाका ओलांडला असेल. आता घाट उतरले. तुमचा सगळा रस्ता तिला पाठ होता, बाबा. मला माहीतच नव्हतं. साडेबाराला म्हणाली, आता आपल्या चौकात आले असतील, माझे केस नीट कर. मी केले.”

बाहेर कुणीतरी जिन्यावरून बादली ओढत नेत होतं. आवाज वरच्या मजल्यापर्यंत गेला आणि थांबला. त्याला विचारायचं होतं, मग एक वाजता ती काय म्हणाली. आपण आलो नाही हे तिला कळलं का.

“तेव्हा ते मला कुणाला सांगताच येईना,” पोरगी म्हणाली. तिनं इस्त्री उभी केली, पिन काढली, शर्टाची कॉलर दोन बोटांनी सरळ केली. आवाज कोरडा होता, पण चेहऱ्यावरचा ताण कितीतरी महिन्यांनी सैल झाल्यासारखा दिसत होता. “आता निदान तसं कुणी करणार नाही. बरं झालं ना, लिहून घेतलंत ते?”

“हो,” तो म्हणाला, आणि तिनं पुढे केलेला गरम शर्ट त्यानं दोन्ही हातांनी घेतला.